रत्नागिरीला मी रिसेप्टर पाहिला

रत्नागिरीहून परतल्यापासून आमच्या सोलापूरच्या कॉलनीत जो भेटेल तो विचारतो, "काकू, काय काय पाहिलंत?" मी म्हणते, "रिसेप्टर पाहिला." लोकांना वाटतं, असेल एखादा किल्ला. शेजारच्या मंदाबाईंनी तर विचारलं, "आत जायला तिकीट असतं का हो?" मी म्हटलं, "तिकीट नसतं, विंचू लागतो." तेव्हापासून मंदाबाई माझ्याशी जरा जपूनच बोलतात. म्हटलं, आता सगळं नीट लिहूनच काढावं.

तर मी निवृत्त मास्तरीण. औषधं शरीरात जाऊन नेमकं काय करतात, हे फार्मसी कॉलेजात शिकवायचे. विषय तसा सोपा आहे. आपल्या पेशींच्या अंगावर निरोप घ्यायच्या जागा असतात, त्या म्हणजे रिसेप्टर. शरीरातली रसायनं तिथं येऊन बसतात आणि पेशीला सांगतात, आवळ, सैल हो, जोरात धाव, जरा दमानं घे. औषधंही त्याच जागांवर जाऊन बसतात. काही औषधं स्वतः निरोप देतात, काही नुसती जागा अडवून बसतात. झालं, एवढंच! पण एवढं सांगायला मी अख्खं वर्ष घ्यायचे आणि फळ्यावर एक कुलूप आणि एक किल्ली काढायचे. किल्लीचे दात मी इतके सुबक काढायचे की मुलं किल्लीच उतरवून घेत बसायची आणि रिसेप्टर राहून जायचा.

रत्नागिरी मला अगदीच नवी नव्हती. लग्न झाल्या झाल्या आम्ही दोघं तिथं गेलो होतो. तेव्हाची नलिनी, म्हणजे मीच, नुकतीच नोकरीला लागलेली, मनगटावर घड्याळ, नाक वर. भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं हळूच तिचा हात हातात घेतला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, "बघ कसं धडधडतंय." यावर कुठल्याही शहाण्या मुलीनं लाजायचं असतं. ही म्हणाली, "अॅड्रेनलिन. हृदयातल्या बीटा रिसेप्टरवर बसतं, म्हणून ठोके वाढतात." आणि सूर्य पार बुडेपर्यंत तिनं त्याला अल्फा आणि बीटा यांतला फरक समजावून सांगितला. बिचारा समुद्राकडे बघत राहिला. पुढं कितीतरी वर्षं 'रत्नागिरीला जाऊ या का' म्हटलं की तो एकदम वर्तमानपत्र उघडायचा.

यंदाही त्यानं गुडघ्यांचं कारण काढलं. मी एकटीच निघाले.

खाडीकाठचं घर

माझी मुलगी मृणाल रत्नागिरीत दिलेली. ती आणि जावई दुबईला असतात. पण तिचे सासूसासरे शहरापासून थोडं आत, खाडीच्या अंगाला राहतात. सासरे म्हणजे आप्पा. उभा जन्म बोटीवर काढला, आता आंब्याची कलमं बघतात. सासू म्हणजे माझ्या विहीणबाई, शालिनीबाई. वयानं माझ्याहून लहान, आवाजानं मोठ्या. मुलांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, नातवाला मिसरूड फुटलं, तरी आम्ही दोघी एकमेकींना 'अहो विहीणबाई'च म्हणतो. एकमेकींचा मान ठेवण्यात आम्ही इतक्या दमतो की गप्पा मारायच्या राहूनच जातात.

घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. आमच्याकडे चैत्रात घाम फुटतो तो फुटल्या फुटल्या वाळतो. इथं तो मुक्कामालाच येतो. तांबडा जांभा दगड जिकडे तिकडे. घरांच्या भिंती त्याच्या, कुंपणाचे गडगे त्याचे, पायऱ्या त्याच्या. त्या दगडाला सगळीकडे भोकं असतात. मी म्हटलं, "काय सुंदर दगड आहे हो तुमचा." शालिनीबाई म्हणाल्या, "सुंदर खरा, पण हात घालू नका त्यात. आत कोण बिऱ्हाडाला असेल, सांगता येत नाय."

पहिल्या दुपारी बांगड्याचं तिखलं, भात, ओल्या काजूची उसळ, सोलकढी. पहिला घास घेतला आणि माझे ओठ थरथरायला लागले. दुखत नव्हते, जळत नव्हते, नुसते आतून झिणझिणत होते.

"अहो, माझ्या ओठांना काय झालं?"

"तिखल्यात तिरफळाचे दाणे घालतो ना, ते हो," शालिनीबाई हसून म्हणाल्या. "घाबरू नका, त्यानं मेलेलं कोण नाय."

मी निवांतपणे त्या झिणझिण्यांचा आनंद घेतला आणि मग, खोड जाते थोडीच, शिकवायला सुरुवात केली. म्हटलं, आमच्या सोलापूरच्या चटणीनं तोंड भाजतं, पण खरं तर तिथं काहीच भाजत नसतं. जिभेवर उष्णतेची खबर घेणारी एक जागा असते. मिरचीतलं रसायन तिथं जाऊन बसतं आणि 'आग, आग' म्हणून ओरडतं. मेंदूला काय माहीत? तो लगेच घाम काढतो, नाक गळवतो, बंब पाठवल्यासारखं सगळं करतो. तुमचं तिरफळ स्पर्शाच्या तारा हलवतं. कुणी हात लावलेला नसतो, तरी ओठ म्हणतात, कुणीतरी हलवतंय.

आप्पा जेवता जेवता थांबले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तोंडाला अफवा खायला घालतोय म्हणा की."

"चवदार अफवा," मी म्हटलं आणि आणखी भात मागून घेतला.

पुढचा बेत ठरलेला होता. जयगडच्या बाजूनं फेरीबोटीनं खाडी ओलांडायची, अंजनवेलला जायचं, गोपाळगडाच्या तटावर उभं राहून पलीकडचं दाभोळ बघायचं. आप्पांनी गाडी धुऊन ठेवली होती. शालिनीबाईंनी वाटेत खायला घावणे करायचं ठरवलं होतं. गोपाळगड काही मी पाहिला नाही. तो अजून तिथंच आहे म्हणतात.

न्हाणीघराच्या मागे

इकडे पाहुण्याला आंघोळीचं पाणी चुलीवर तापवून देतात. आमच्याकडे पाहुण्याला बादली भरून पाणी दिलं हाच मोठा मान, ते तापलेलं आहे का हे कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "विहीणबाई, गिझर आहे ना, कशाला चूल पेटवता?"

"गिझरचं पाणी ते काय पाणी? त्याला धुराचा वास तरी असतो का? विहिणीला गिझरचं पाणी दिलं असं मृणालला कळलं तर काय म्हणेल ती?"

"ती स्वतः गिझरच्या पाण्यानंच आंघोळ करते."

"ती दुबईला. तुम्ही रत्नागिरीत आहात."

आणि गडावर जायच्या दिवशी सकाळीच त्या न्हाणीघरामागच्या ढिगातून सोडणं आणायला गेल्या. सोडणं म्हणजे नारळाची वाळलेली सालं. चुलीत झकास पेटतात. मी पडवीत चहा घेत बसले होते. मागून एक 'स्स' ऐकू आलं, मग चपलेचा फटका. शालिनीबाई डाव्या हाताचं बोट उजव्या मुठीत धरून पुढं आल्या.

"विंचू हो. लाल मेला. मारला मी त्याला." मग मला म्हणाल्या, "तुम्ही आधी आंघोळ करून घ्या. पाणी निवेल."

आप्पांनी बोट बघितलं. शेजारच्या घरातल्या सुनंदावहिनी गडग्यावरून डोकावल्या. "काय झालं? विंचू? बोलावू का उतरवणाऱ्याला? वरच्या वाडीतला मंत्र घालतो, भारी उतरवतो म्हणतात."

"बोलव, बोलव," शालिनीबाई म्हणाल्या. "एवढ्याशा विंचवासाठी दवाखान्यात कोण जातंय? पाहुणे घरात."

मी त्यांचा हात हातात घेतला. तो हात ओला होता. चैत्रातली सकाळ, माझ्या मानेवरून घाम वाहत होता, आणि हा हात मात्र विहिरीतून काढल्यासारखा गार. त्यांचं पोलकं पाठीवर चिंब भिजलं होतं. तोंडात पाणी सुटत होतं, त्या पदरानं पुसत होत्या आणि पुसल्याचं लपवत होत्या. मनगटावर नाडी धावत होती.

इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं ते माझ्या हातात होतं. विंचवाचं विष स्वतः कुठल्या दारावर टकटक करत नाही. ते नसांच्या टोकांशी जातं आणि तिथं साठवलेले सगळे निरोप एकदम बाहेर सोडायला लावतं. आधी घाम आणि लाळ सुटते. मग अॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर त्यांच्यासाठी अल्फा नावाच्या जागा असतात. लोंढा तिथं बसला की वाहिन्या आवळतात. म्हणून हातपाय गार पडतात. तिकडे हृदय धावतच असतं, पण ढकलायचं कुठं? वाट बंद. शेवटी ते थकतं आणि छातीत पाणी भरतं. माणूस जातो तो बोटाच्या दुखण्यानं नाही, त्या पाण्यानं जातो.

मी आप्पांकडे बघून फक्त म्हटलं, "गाडी."

सुनंदावहिनी म्हणाल्या, "आणि उतरवणारा?"

"त्याला सांगा, दवाखान्याच्या दारात ये," आप्पा म्हणाले. "तिथं गाडीतून हिलाच उतरवून घेतो मी."

मागच्या सीटवर शालिनीबाईंना आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. वाटेत त्यांनी दोनदा ओकारी काढली आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, "तुमची साडी खराब केली हो." मी म्हटलं, "सोलापूरची आहे, मळखाऊ."

रुग्णालयात

त्या रुग्णालयाचं नाव सांगण्याची गरज नाही. त्यात दाखवण्यासारखं एवढंच की भिंती पिवळ्या होत्या आणि खिडकीतून खाडीचा तुकडा दिसत होता. डॉक्टर अगदी तरुण मुलगी. तिनं शालिनीबाईंना नीट हातही लावला नव्हता, तोच हातपायांचा रंग बघून तिनं नर्सला सांगायला सुरुवात केली. ब्लड प्रेशर, सलाइन, त्यातून विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, आणि प्राझोसिनची गोळी.

माझ्या आत लगेच ती जुनी नलिनी उठून उभी राहिली. घाम सुटलाय, लाळ सुटलीय, म्हणजे अॅट्रोपिन द्या, असं तिला ओरडून सांगायचं होतं. परीक्षेत तिनं तेच लिहिलं असतं, खाली लाल शाईनं रेघ मारून. अॅट्रोपिननं घाम आणि लाळ वाळली असती खरी, आणि धावणारं हृदय आणखी धावलं असतं. ती नलिनी मार्कांना भारी हुशार होती. रुग्णांचं नशीब चांगलं, की तिला कुणी दवाखान्यात उभं केलं नाही.

मी तिला गप्प केलं आणि विचारलं, "प्राझोसिन ना? अल्फा अडवणारं?"

डॉक्टर मुलीनं माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही गं. मास्तरीण. फळ्यावरची ओळख आहे."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "मग तुम्हाला सांगते. प्रतिविष अंगातलं विष पकडेल. पण सुटलेले निरोप परत बोलावता येत नाहीत. त्यांच्यासाठी ही गोळी. हातपाय गरम होईपर्यंत दर काही तासांनी देऊ. आणि एक गोष्ट, आजी. यांनी उठायचं नाही. पाणी प्यायला नाही, बाथरूमला नाही, कुणी भेटायला आलं म्हणून तर अजिबात नाही. उठल्या तर बी.पी. एकदम खाली येईल. छाती मी सारखी तपासत राहणार आहे. हातपाय गरम झाले की आपण जिंकलो."

हातपाय गरम झाले की जिंकलो. हे वाक्य मी मनाशी धरून ठेवलं.

आता माझी चूक बघा. शालिनीबाई डोळे मिटून पडल्या होत्या. आप्पा औषधं आणायला गेले होते. मी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते आणि मला राहवेना. म्हटलं, बघू तरी, गरम झाले का. मी चादरीखाली हात घातला आणि त्यांचे पाय धरले.

शालिनीबाई झटकन उठून बसल्या.

"अहो, हे काय करता? मोठ्या तुम्ही, माझ्या पायाला हात लावता?" त्यांनी पाय ओढून घेतले. "आणि मी इथं तुमच्याकडे पाय करून झोपलेली! विहिणीकडे पाय करून!"

"लग्नात ताम्हणात घेऊन धुतलेत की मी तुमचे पाय!"

"ते लग्नात! तेव्हा तुम्ही मुलीकडच्या होतात. आता तुम्ही पाहुण्या..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणीतरी पुसून घेतल्यासारखं गेलं. ओठ पांढरे. डोळे वर फिरले. मान खांद्यावर पडली. मी ओरडले. नर्स धावली, आम्ही दोघींनी त्यांना आडवं केलं. नर्सनं उशा काढल्या आणि पायांखाली सारल्या. डॉक्टर आली. ब्लड प्रेशरचा पट्टा फुगला. तिनं पुन्हा फुगवला, पुन्हा ऐकलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. माझ्या एका हाताच्या स्पर्शानं, एका मानापायी, ही बाई जाते की काय. मृणालला काय सांगणार होते मी? तुझ्या सासूला तिच्या रीतीनं मारलं?

मग शालिनीबाईंनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, अगदी क्षीण आवाजात, "पाय का वर केलेत माझे? आता तर पार यांच्या तोंडासमोर आले."

डॉक्टर मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, आता तुम्ही समजावा. माझं कुणी ऐकत नाही."

मान

मी स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी नेलं. कुलूप-किल्ली काढायला फळा नव्हता, आणि असता तरी शालिनीबाईंनी किल्लीचंच कौतुक केलं असतं. मी विचारलं, "विहीणबाई, यष्टीनं कधी गेलात की नाही?"

"नाय तर काय? आमची हयात यष्टीत गेली."

"स्टँडवर बस लागली की काय करायचात?"

"खिडकीतून रुमाल टाकायचा. नायतर जागा मिळते का?"

"रुमाल बसून प्रवास करतो?"

त्या जरा हसल्या. "रुमाल कसला प्रवास करतो? जागा अडवतो."

"ती गोळी म्हणजे रुमाल. विंचवानं तुमच्या अंगात भांडखोर प्रवाशांचा लोंढा सोडलाय. ते जागांवर जाऊन बसतात आणि नळ्यांना ओरडून सांगतात, 'आवळा, आवळा.' गोळीनं त्या जागांवर रुमाल टाकलेत. प्रवासी दारात गर्दी करून उभे आहेत, पण बसायला जागा नाही. म्हणून नळ्या सैल होताहेत. हे चांगलं."

"मग?"

"पण आपण उभं राहतो तेव्हा रक्त पायात उतरतं. म्हणून शरीर त्याच जागांवर निरोप पाठवतं, 'पायातल्या नळ्या आवळा, रक्त वर ढकला.' हा निरोप चांगला असतो. पण तिथंही रुमालच! निरोप्याला बसायला जागा कुठं? नळ्या ऐकतच नाहीत. रक्त पायात, डोकं रिकामं. मघाशी तेच झालं. रुमाल चांगला-वाईट बघत नाही."

त्यांनी उशांवर ठेवलेल्या स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग रुमाल काढेपर्यंत पडून राहायचं?"

"पडून राहायचं."

"आणि कोण आलं भेटायला, तर?"

"तरी."

"तुम्ही इथं स्टुलावर आणि मी झोपून?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पहिल्यांदा इतक्या दिवसांसाठी आलात. गड दाखवायचा होता. घावण्यांचं पीठ तसंच राहिलं. आणि मी ही अशी, पाय वर करून. नाय जमणार हो मला. मी उठेन. मला माहीत आहे ना माझं, डोळा लागला की सवयीनं उठेन."

खरं बोलत होत्या. अशा बायका शुद्धीवर नसल्या तरी चहाला विचारतात. विज्ञान पटलं होतं त्यांना, पण अंगातली रीत त्याहून चिवट होती. मी विचार केला, रीतीला रीतीनंच अडवलं पाहिजे. तीही शेवटी जागा अडवण्याचीच युक्ती.

"शालिनीबाई, मी मुलीची आई. लग्नात मी काही मागितलं होतं का?"

"नाय."

"रुसले होते?"

"तुम्ही कशाला रुसाल? रुसायचं आमच्याकडच्यांनी. माझी आत्येसासू रुसली होती, शिऱ्यात काजू कमी म्हणून."

"म्हणजे माझा मान अजून बाकी आहे. तो मी आज मागते. मी ऊठ म्हणेपर्यंत तुम्ही उठायचं नाही. आणि मी पायाला हात लावला तर हलायचं नाही. नाही दिलात तर मी रुसले. अशी रुसेन की पुढच्या गाडीनं सोलापूर."

त्या डोळे मोठे करून बघत राहिल्या. "मुलीकडच्यांनी मान मागायचा? असं कुठं असतं?"

"सोलापूरला असतं."

"खरंच?"

"आजपासून."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी, जी इतका वेळ झोपल्याचं सोंग करत होती, ती फिस्सकन हसली. "द्या हो मान त्यांना. रुसलेल्या विहिणीपेक्षा विंचू बरा."

शालिनीबाईंनी डोळे मिटले. "दिला," म्हणाल्या. आणि खरोखर, हात-पाय-मान कशाचीही हालचाल न करता पडून राहिल्या. डोळ्यांचीच काय ती हालचाल. आप्पा परत आले तेव्हा त्यांना बायको एवढी गप्प बघून धसकाच बसला. मी म्हटलं, "घाबरू नका, मान पाळताहेत."

मग दुपार गेली. ती कशी गेली हे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर येऊन छाती ऐकायची, कागदावर काहीतरी लिहून जायची. दुसरी गोळी दिली. आप्पा बाहेरच्या बाकावर बसून जयगडच्या फेरीबोटीचं वेळापत्रक फोनवर पुन्हा पुन्हा बघत होते, जणू काही तेवढं एकच काम त्यांच्या हातात होतं. मी चादरीखाली हात ठेवून बसले होते. शालिनीबाईंनी पाय हलवले नाहीत. प्रत्येक वेळी नाक मात्र मुरडलं.

घोटे आधी कोमट झाले. मला वाटलं, माझ्याच हाताची ऊब असेल. हात काढला, पदराला पुसला, बाहेर खिडकीच्या गजाला लावून गार केला आणि पुन्हा आत नेला. टाच कोमट. तळपाय कोमट. मग बोटं. दहाच्या दहा बोटं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, चुलीजवळ बसलेल्या पोराच्या पायांसारखी गरम.

"गरम!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या म्हातारीच्या हातून पेला पडला. "अहो, गरम झाले! आप्पा! नर्स! गरम!"

आप्पा आत आले. इतक्या बायकांसमोर त्यांनी बायकोच्या पायाला हात लावला आणि तसाच ठेवला. डॉक्टर मुलगी आली, तिनं पाय बघितले, छाती ऐकली, पट्टा फुगवला आणि पहिल्यांदाच मोकळं हसली. "आजी," ती मला म्हणाली, "बघा तुमचा रिसेप्टर."

मी बघितला. कुठल्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय बघितला. शालिनीबाईंच्या अंगठ्याच्या नखामागे गुलाबी रंग परतत होता. तोच रंग म्हणजे माझा इतक्या वर्षांचा विषय. फळ्यावरच्या माझ्या किल्लीला इतके सुबक दात होते, पण ती कधी गरम झाली नव्हती.

मी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, "अल्फा रिसेप्टर अडवला, वाहिन्या सैल झाल्या, विहीणबाई वाचल्या." पलीकडे वर्तमानपत्र मिटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "रत्नागिरीला गेलीस की तू हेच बोलतेस. पण या वेळी ऐकायला बरं वाटलं."

दुसरी सकाळ

रात्रभर शालिनीबाई आडव्याच राहिल्या. झोपेत एकदा त्यांचा हात पदर सावरायला उठला आणि वाटेतच थांबला. मान दिलेला होता ना.

सकाळी खिडकीतल्या खाडीवर एक होडी बाहेर पडत होती. डॉक्टर आली. विष उतरलं होतं, गोळीचा अंमल ओसरला होता, छाती स्वच्छ होती. तिनं आधी खाटेचं डोकं थोडं वर केलं, थांबली, पट्टा फुगवला. मग शालिनीबाईंना बसवलं, पाय खाली सोडायला लावले, पुन्हा पट्टा. मग म्हणाली, "आता हळूच उभ्या राहा."

शालिनीबाई हलल्या नाहीत.

"काकू, आता उठायला हरकत नाही."

शालिनीबाई माझ्याकडे बघत होत्या. "तू डॉक्टर खरी," त्या तिला म्हणाल्या, "पण मान दिलाय मी या बाईंना. त्यांनी म्हटल्याशिवाय नाय उठायची." आणि मला म्हणाल्या, "पण सांगून ठेवते. 'अहो विहीणबाई, उठा' असं म्हणालात तर इथंच बसेन जन्मभर. काल दिवसभर पाय धरून बसलात माझे. आता कसलं अहो आणि कसलं काय?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. आप्पा दारात उभे. डॉक्टर मुलगी पट्टा हातात घेऊन थांबलेली. मी इतकी वर्षं वर्गासमोर बोलले, कधी अडखळले नाही. तेव्हा मात्र ओठांवर आलेलं 'अहो' गिळावं लागलं.

"ऊठ गो, शालू," मी म्हटलं.

ती उठली. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून सरळ उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ओठ पांढरे झाले नाहीत. डोळे फिरले नाहीत. रक्ताला वर जायला सांगणारा निरोप आला, रुमाल उचललेल्या जागेवर बसला, आणि पायातल्या नळ्यांनी तो ऐकला. डॉक्टरनं पट्टा सोडला आणि मान डोलावली. शेजारच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्या.

"चक्कर?" मी विचारलं.

"चक्कर कसली, नलू?" शालूनं माझ्या खांद्यावरचा हात काढला, पदर खोचला आणि दाराकडे चालायला लागली. तिला गाठायला मला पळावं लागलं.